जॅकची कैफियत

परीकथेच्या नायकाला खलनायक ठरविणारी पुनर्लेखने ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशयवादी वृत्तीची निर्मिती होय, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. ‘जॅक आणि घेवड्याचा वेल’ या इंग्रजी कथेचा छापील इतिहास पाहिला असता हे गृहीतक टिकत नाही. जॅकचे खलत्व अलीकडच्या लेखकांनी बाहेरून आणलेले नाही. ते कथेत आरंभापासून आहे, आणि प्रत्येक पुनर्कथनकाराला त्याची काही ना काही व्यवस्था लावावी लागली आहे.

कथेचा सांगाडा सर्वपरिचित आहे. गरीब विधवेचा मुलगा गाय देऊन घेवड्याच्या बिया घेतो आणि त्यांतून उगवलेल्या वेलावरून राक्षसाच्या घरी पोचतो. राक्षसाची बायको त्याला जेवू घालते, नवऱ्यापासून लपविते. तो मात्र त्या घरातून धन, सोन्याची अंडी घालणारी कोंबडी आणि आपोआप वाजणारी वीणा चोरतो, आणि पाठलाग करणाऱ्या घरधन्याला वेल तोडून ठार करतो. आश्रय, चोरी आणि हत्या असा हा क्रम आहे.

१७३४ साली या कथेचे एक विडंबनात्मक रूप छापले गेले होते. परंतु मुलांसाठीची कथा म्हणून तिला प्रतिष्ठा मिळाली ती बेंजामिन टॅबर्ट यांच्या १८०७च्या आवृत्तीने. या आवृत्तीत वेलाच्या माथ्यावर जॅकला एक परी भेटते आणि सांगते, की या राक्षसाने तुझ्या सज्जन, श्रीमंत पित्याचा खून करून त्याची संपत्ती लुबाडली. या एका निवेदनाने चोरी ही वारसाहक्काची वसुली ठरते आणि हत्या हा न्याय ठरतो. आरोप नसेल तेथे कैफियत कोणी देत नाही. परीचे हे निवेदन म्हणजे जॅकवरील आरोप १८०७ सालीच ऐकू येत होता, याचा पुरावा होय. शिवाय या कैफियतीची किंमत लक्षात घेतली पाहिजे. भुकेल्या मुलाची चोरी क्षम्य ठरावी म्हणून त्याला आधी श्रीमंताचा मुलगा व्हावे लागते.

जोसेफ जेकब्ज यांनी १८९०च्या आपल्या इंग्रजी परीकथासंग्रहात ही परी गाळली. ऑस्ट्रेलियातील आपल्या बालपणी, १८६०च्या सुमारास ऐकलेल्या कथेत ती नव्हती, ही त्यांची भूमिका. चोरीला उत्तेजन मिळू नये म्हणून ती घुसडली गेली असे त्यांना वाटे, आणि बालवाचकांच्या विवेकावर त्यांचा अधिक विश्वास होता. जेकब्जचा जॅक कोणतेही समर्थन न देता चोरतो, श्रीमंत होतो, राजकन्येशी विवाह करतो. राक्षसाच्या बायकोचे पुढे काय झाले, याविषयी कथा मौन पाळते.

हे मौन कथारूपातच अनुस्यूत आहे. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली मांडलेल्या रूपमीमांसेत नायक आणि खलनायक ही नैतिक विशेषणे नसून कार्यक्षेत्रे आहेत. वस्तू पळविणे हे कृत्य खलनायकाने केले की त्याची गणना अपकारात होते. नायकाने केले की तेच उणीव दूर करणारे कार्य ठरते. कृत्य एकच, नाव मात्र कथा कोणाच्या पाठोपाठ चालते यावरून पडते. कथन राक्षसाच्या घरातच थांबले, तर जॅक दुसरे काही न करताही खलनायक होतो.

स्टीफन सॉन्डहाइम आणि जेम्स लॅपाइन यांच्या ‘इन्टु द वूड्स’ (ब्रॉडवे, १९८७) या संगीतिकेने नेमके हेच केले. दुसऱ्या अंकात राक्षसाची विधवा खाली उतरते आणि जॅकला आपल्या हवाली करण्याची मागणी करते. तिची तक्रार खरी आहे, हे नाटक नाकारत नाही. तरी शेवटी तिलाही मारले जाते. २००१ सालच्या ‘जॅक अँड द बीनस्टॉक: द रिअल स्टोरी’ या दूरचित्रवाणी मालिकेत उलथापालथ पूर्ण होते. तेथे राक्षस सुस्वभावी आहे, मूळ जॅक चोर आणि खुनी आहे, आणि त्याच्या गर्भश्रीमंत उद्योगपती वंशजाला लूट परत करावी लागते.

मराठी वाचकाला अशी उलटापालट नवी नाही. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) वामनाला आक्रमक आणि बळीला न्यायी राजा ठरविले. पुराणकथा आणि परीकथा यांच्यातील भेद मान्य करूनही एक तुलना उद्बोधक ठरते. फुल्यांच्या मांडणीत कथेतील विजेत्याचे वारस समाजातही सत्ताधारी आहेत. जॅकच्या कथेतील विजेता मात्र शेवटची गाय विकून आलेला उपाशी मुलगा आहे. म्हणून येथील पेच अधिक अवघड आहे. टॅबर्टने जॅकला निर्दोष ठरविताना श्रीमंत पित्याचा मुलगा केले. २००१च्या पुनर्लेखनाने त्याला दोषी ठरविताना श्रीमंतांचा पूर्वज केले. दोन्ही निवाड्यांत साक्षीला येतो तो श्रीमंत जॅकच. भुकेला जॅक दोन्हीकडे गैरहजर आहे.

राक्षसाच्या विधवेचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यकच होते. परंतु ते ऐकताना वेलाच्या तळाशी असलेली रिकामी चूल दिसेनाशी झाली, तर पुनर्लेखनाने एक मौन मोडून दुसरे निर्माण केले, असेच म्हणावे लागेल.