दारांत अडविलेले विद्यार्थी

विद्येकरितां परदेशीं निघालेल्या तरुणाच्या सामानांत पुस्तकांहूनहि मोलाचा असतो तो परवान्याचा कागद. ह्या कागदाचा जाच चिनी विद्यार्थ्यांनीं अमेरिकेच्या दारांत पुरेपूर अनुभविला.

चिनी मजुरांस मज्जाव करणारा कायदा अमेरिकेनें १८८२ सालीं केला. विद्यार्थी, शिक्षक, व्यापारी व प्रवासी ह्यांना त्यांतून सूट होती. परंतु आपण मजूर नव्हों हें सिद्ध करण्याचा भार येणारावरच होता. १८८४ च्या दुरुस्तीनें त्यासाठीं चिनी सरकारचा दाखला व त्यावर अमेरिकन वकिलाची सही आवश्यक ठरली. तरीहि बंदरावरील अधिकारी विद्यार्थ्याकडे वेषांतर केलेला मजूर म्हणूनच पाहत.

१९०१ च्या सप्टेंबरांत कुंग श्यांग-शी व फै ची-हाव हे दोन तरुण सॅन फ्रान्सिस्को बंदरांत आले. ओहायओ प्रांतांतील ओबर्लिन महाविद्यालय हें त्यांचें गंतव्य स्थान. आदल्याच वर्षीं बॉक्सर बंडांत शान्सी प्रांतांतील अमेरिकन मिशनरी मारले गेले होते; त्या संकटांत ह्या दोघांनीं त्यांस साह्य केलें होतें. जवळ खुद्द ली हुंग-चांग ह्यांनीं दिलेले दाखले होते. ते विहित नमुन्याचे नाहींत, एवढ्याच कारणास्तव त्यांस अडकवून ठेवण्यांत आलें. ओबर्लिनला पोंचावयास १९०३ चा जानेवारी उजाडला!

१९०४ सालीं सुंग आय-लिंग ही कोवळ्या वयाची मुलगी शिक्षणासाठीं त्याच बंदरांत आली. तिचा पोर्तुगीज पासपोर्ट अधिकाऱ्यांनीं मानला नाहीं आणि जवळजवळ तीन आठवडे तिला जहाजावरच कोंडून राहावें लागलें. पुढें अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांची गांठ पडली तेव्हां तिनें हें गाऱ्हाणें त्यांच्यापुढें मांडलें.

अशा वागणुकीचा संताप सांचत गेला व १९०५ सालीं चीनमध्यें अमेरिकन मालावर बहिष्कार पुकारला गेला. त्या वर्षीं रूझवेल्ट ह्यांनीं विद्यार्थी व व्यापाऱ्यांशीं सौजन्यानें वागण्याचा हुकूम काढला. १९०८ सालीं बॉक्सर खंडणीचा कांहीं भाग परत करण्याचें ठरून त्यांतून चिनी विद्यार्थ्यांस अमेरिकेंत शिक्षणाची सोय झाली. परंतु कायदा तसाच राहिला. १९१० सालीं एंजल बेटावर येणारांस अडकवून ठेवण्याचें ठाणें उघडलें व तें १९४० पर्यंत चाललें. एका हातानें बोलावणें व दुसऱ्या हातानें अडविणें, असा हा विलक्षण प्रकार होता.

कायदा रद्द झाला १९४३ सालीं. पुढच्याच वर्षीं ब्रेटन वुड्स येथील जागतिक अर्थपरिषदेस चीनचे प्रतिनिधि-प्रमुख म्हणून जे गृहस्थ सन्मानानें आले, ते हेच कुंग. आय-लिंगशीं त्यांचा विवाह १९१४ सालींच झाला होता. दाराशीं संशयानें अडविलेला विद्यार्थी उद्यां कोण होईल, हें कोणत्याहि दाखल्यावर लिहिलेलें नसतें. म्हणूनच कायद्यानें दिलेली सवलत दारावरच्या माणसाच्या संशयानें हिरावली जाऊं नये, एवढी दक्षता तरी प्रत्येक राष्ट्रानें घ्यावयास हवी.