पदवी दिली, प्रयोगशाळा नाही : चार्ल्स टर्नर आणि ‘मेरिट’चे सोंग

राखीव जागांचा विषय निघाला की ‘मेरिट’ हा शब्द लगेच पुढे केला जातो. विज्ञान शाखेत तर जास्तच. प्रयोगशाळेत जात चालत नाही, तिथे फक्त गुणवत्ता चालते, असे आपल्या मुलांना ऐकवले जाते. या मंडळींना उत्तर द्यायला जीवशास्त्राचा इतिहासच पुरेसा आहे. त्यासाठी चार्ल्स हेन्री टर्नर हे नाव आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवे.

महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. गुलामगिरी कायद्याने संपली 1865 साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 3 फेब्रुवारी 1867 रोजी, ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात टर्नर यांचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये देखभालीचे काम करीत, आई रुग्णांची शुश्रूषा करी. 1886 साली टर्नर यांनी सिनसिनाटी विद्यापीठात जीवशास्त्रासाठी प्रवेश घेतला.

या विद्यापीठाची जन्मकथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. चार्ल्स मॅकमिकन नावाच्या श्रीमंताने मृत्युपत्रात आपली मालमत्ता सिनसिनाटी शहराला दिली. त्याने गुलाम बाळगले होते. मृत्युपत्रात त्याने स्पष्ट लिहिले होते की, या पैशातून ‘गोऱ्या मुला-मुलींसाठी’ शिक्षणसंस्था काढाव्यात. पुढे 1870 साली ओहायोच्या कायद्याने शहराचे सार्वजनिक विद्यापीठ उभे राहिले. तिथून 1886 साली पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवीधर झाला आणि त्याच वर्षी टर्नर आत आले. दात्याच्या इच्छेत काळ्यांना जागा नव्हती. शहराच्या संस्थेत ती मिळाली. शिक्षण दानावर सोडावे की सरकारची जबाबदारी मानावे, या वादात हे उदाहरण जरूर वापरा.

टर्नर यांनी मिळालेल्या संधीचे काय केले? 1891 साली बी.एस. आणि 1892 साली एम.एस. तिथले प्राध्यापक क्लॅरेन्स हेरिक यांनी त्यांना प्रयोगशाळेत घेतले. टर्नर यांनी पक्ष्यांच्या मेंदूच्या रचनेवर काम केले. ते 1891 सालीच हेरिक यांनी सुरू केलेल्या ‘जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आले. काही काळ ते त्याच प्रयोगशाळेत साहाय्यक शिक्षक होते. म्हणजे शिक्षक, सूक्ष्मदर्शक आणि ग्रंथालय मिळताच पहिल्या पिढीतला हा मुलगा चार-पाच वर्षांत संशोधक झाला. ‘मेरिट’ म्हणतात ते असे तयार होते.

त्यानंतर दार बंद झाले. 1893 पासून ते अटलांटातील क्लार्क या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात शिकवू लागले. 1896 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ म्हणत वर्णभेदाला कायदेशीर ठरवले, तो हा काळ. 1907 साली टर्नर यांनी शिकागो विद्यापीठातून मुंग्या घरी परत कशा येतात या विषयावर डॉक्टरेट मिळवली. प्राणिशास्त्रातील डॉक्टरेट, नावाजलेल्या नियतकालिकांतले लेख, वर्षानुवर्षांचा अध्यापनाचा अनुभव. तरीही संशोधन करणाऱ्या एकाही मोठ्या विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक केले नाही. 1908 ते 1922 ते सेंट लुईस शहरातील समनर हायस्कूल या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत शिक्षक होते.

तरी ते थांबले नाहीत. दिवसभर शाळा आणि उरलेल्या वेळात कीटक. शहरातील ओफॅलन बागेत रंगीत चकत्या आणि डबे ठेवून मधमाश्या रंग ओळखतात का, हे त्यांनी तपासले आणि 1910 साली छापले. पुढच्या वर्षी नक्षीवरचे प्रयोग आले. 1912 साली त्यांनी दाखवले की अंधाराकडे पळणारे झुरळ अनुभवाने अंधार टाळायला शिकते. कीटक म्हणजे चावी दिलेले यंत्र, या समजाला हा धक्का होता. आयुष्यात त्यांनी सुमारे 70 शोधनिबंध लिहिले. 14 फेब्रुवारी 1923 रोजी, वयाच्या 56 व्या वर्षी ते गेले.

कार्ल फॉन फ्रिश यांचा मधमाश्यांच्या रंगदृष्टीवरचा गाजलेला निबंध 1914 चा. मधमाश्यांवरील आयुष्यभराच्या कामासाठी त्यांना 1973 साली नोबेल विभागून मिळाले. त्यांचे प्रयोग टर्नर यांच्यापेक्षा काटेकोर होते, हे खरे. पण फ्रिश यांच्यामागे म्युनिकचे विद्यापीठ होते. टर्नर यांच्यामागे शाळेचा पगार आणि सार्वजनिक बाग होती. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, संशोधनाचा वारसा चालवणारे पीएच.डी.चे विद्यार्थी नव्हते. काटेकोरपणालासुद्धा साधने लागतात.

आता आपल्याकडे बघा. टर्नर समनर हायस्कूलमध्ये शिकवत होते, त्याच काळात, 1917 साली, कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना आणि कार्यालयात शिपाई लांबून फायली टाकत. आज घटना आहे, आरक्षण आहे. पण विद्यापीठांत राखीव प्राध्यापकपदांच्या मुलाखतीनंतर ‘नॉट फाउंड सुटेबल’ असा शेरा मारून जागा रिकाम्या ठेवल्या जातात. डिसेंबर 2023 मध्ये तर अशा रिकाम्या राखीव जागा खुल्या करण्याची तरतूद यूजीसीच्या मसुद्यात आली होती. ओरड झाल्यावर सरकारला माघार घ्यावी लागली. रोहित वेमुलाही हैदराबादच्या सरकारी विद्यापीठात आला होता तो जीवशास्त्रासाठीच. फेलोशिप थांबली, वसतिगृहातून बाहेर काढले गेले आणि 17 जानेवारी 2016 रोजी आपण त्याला गमावले.

म्हणून मित्रांनो, प्रवेश मिळाला म्हणजे लढाई संपली असे समजू नका. सार्वजनिक विद्यापीठ टिकले पाहिजे, फेलोशिप वेळेवर मिळाली पाहिजे, प्राध्यापकांच्या राखीव जागा भरल्याच पाहिजेत. आपल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत किती राखीव पदे मंजूर आहेत आणि किती भरली आहेत, हे माहिती अधिकारात विचारा. उत्तर आले की ते गावात, वसतिगृहात, सभेत वाचून दाखवा. ‘मेरिट’ची चर्चा त्या आकड्यांपासून सुरू करू.

जय भीम!