कूपरेज : मुंबईच्या फुटबॉलचे जुने घर

जळगाव-धुळ्याहून कामानिमित्त मंत्रालयात जाणारी आपली माणसे एका मैदानाशेजारून अनेकदा गेलेली असतात. ते म्हणजे महर्षी कर्वे रोडवरील कूपरेज. जुन्या काळी लाकडी पिंपे बनवण्याच्या कारखान्याला इंग्रजीत कूपरेज म्हणत, तेच नाव मैदानाला चिकटले.

रोव्हर्स कप आणि आपले संघ

या मैदानाला ओळख दिली ती रोव्हर्स कपने. 1891 मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत बरीच वर्षे ब्रिटिश पलटणीच जिंकत. 1937 मध्ये बेंगलोर मुस्लिम्स संघाने कप जिंकला आणि तो प्रथमच भारतीय संघाकडे आला. 1938 मध्येही तेच विजेते होते. 1940 मध्ये कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने बाजी मारली. त्याच वर्षी त्यांनी ड्युरँड कपही जिंकला.

त्यानंतर हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 असा सलग पाच वेळा रोव्हर्स कप नेला. त्यांचे प्रशिक्षक होते मरहूम सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 मध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला. 1963 मध्ये रहीम साहेबांचे इंतेकाल झाले. ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट त्यांच्यावरच आहे.

क्लब गेले, मैदान राहिले

पुढे महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या क्लबांचे कूपरेज हे घरचे मैदान होते. महिंद्राने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली, पण 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. मैदानावर कृत्रिम गवत बसवण्याच्या काळात मुंबई एफसीला पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. 2017 मध्ये आय-लीगमधून खाली गेल्यावर तो संघही संपला. रोव्हर्स कप तर त्याआधीच, या शतकाच्या सुरुवातीला थांबला होता. मैदान मात्र आजही वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आहे आणि तिथे सामने होतात.

आपल्यासाठी काय?

कंपनीने हात काढला की क्लब संपतो. मैदान शाबूत असेल तर नवीन पोरं पुन्हा खेळायला येतात. आपल्या मोहल्ल्यातल्या मोकळ्या जागा एकेक करून बांधकामात आणि पार्किंगमध्ये जात आहेत. त्या वाचवायच्या असतील तर आपणच बोलायला हवे. शाळा, नगरसेवक, जमातचे जबाबदार लोक, सगळ्यांनीच. पुढच्या वेळी मुंबईला गेलात तर मुलांना कूपरेज नक्की दाखवा, आणि रहीम साहेब कोण होते तेही सांगा.