लाइन: एका परक्या शब्दाचा मराठी संसार

कोपर स्थानकात दोन लाइनी एकमेकींना छेदतात. खालून कल्याणकडे जाणारी मध्य रेल्वेची मुख्य लाइन, वरून दिवा-वसई. त्याच स्थानकात तिकिटाच्या खिडकीपाशी लाइन लागते आणि फोनवरचा माणूस ‘लाइनवर’ असतो. एका शब्दाचे एवढे अर्थ इंग्रजीने आपल्याला आयते दिले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. शब्द इंग्रजी असला, तरी त्याच्या अर्थांची वाटणी मराठी व्याकरणाने केली आहे.

या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये, जवसाच्या वाखापासून केलेल्या दोऱ्यात आहे. गवंडी विटांचा थर सरळ राहावा म्हणून ताणतो ती ‘लाइनदोरी’ या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळची; गंमत म्हणजे दोरा हा अर्थ तिच्यात दोनदा आला आहे. मुंबईचं मरीन लाइन्स हे नाव रुळांवरून पडलेलं नाही. तिथे मरीन बटालियनच्या बराकी होत्या आणि लष्करी भाषेत बराकींच्या ओळींना लाइन्स म्हणत. गावोगावची ‘पोलीस लाइन’ याच घराण्यातली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि या भागात लाइन म्हणजे मुख्यतः रेल्वे झाली. तारायंत्राची आणि फोनची लाइन त्यानंतरची.

मराठीने या शब्दाला घरात घेतलं ते स्त्रीलिंगी करून. रेघ, ओळ, रांग या सगळ्या स्त्रीलिंगी. त्यांच्या पंगतीला बसली म्हणून ती लाइन आणि तिचं अनेकवचन लाइनी. पुढचं काम प्रत्ययांनी आणि शब्दयोगी अव्ययांनी केलं. ‘कुठल्या लाइनला राहता?’ हा पत्त्याचा प्रश्न, ‘कुठल्या लाइनमध्ये आहात?’ हा पोटापाण्याचा. ‘लाइनीत या’ म्हणजे रांग धरा; वाया चाललेला मुलगा मात्र ‘लाइनीवर येतो’. क्रियापदंही असाच भेद करतात. लाइन लावणं शिस्तीचं, लाइन मारणं प्रेमात पडू पाहणाऱ्याचं, लाइन टाकणं पहाटे पेपर वाटणाऱ्या पोराचं.

यावर कोणी म्हणेल, धंद्याचा अर्थ इंग्रजीतही आहे आणि लंडनचा माणूसही आपण अमुक लाइनवर राहतो असं सांगतो. मग मराठीचं त्यात काय? अर्थ तिकडून आले हे मान्यच आहे. पण ‘ला’ आणि ‘मध्ये’ यांच्यामुळे घर आणि धंदा वेगळे ओळखू येतात, ती सोय मराठीची आहे. दुसरा आक्षेप भाषाशुद्धीवाल्यांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. सावरकरांनी परक्या शब्दांना पर्याय घडवले. इथे तर रांग हा शब्द घडवण्याचीही गरज नव्हती. माझ्या मते जिथे लाइनने रांगेला हुसकावलं, तिथे आपलं नुकसानच झालं. रांगेत ताटकळणं, रांग मोडणं, रांगेचा फायदा सर्वांना, हे सगळं म्हणायला रांग पुरेशी आहे. मात्र डोंबिवलीहून रोज ठाण्याला जाणारी बाई ‘आपली लाइन’ म्हणते तेव्हा तिला रूळ, गाड्या, स्थानकं, त्यांवरची वस्ती आणि रोजचे सहप्रवासी हे सगळं मिळून सांगायचं असतं. ‘मार्ग’ या शब्दात ती माणसं येत नाहीत. तिथे लाइन हाच मराठी शब्द आहे, आणि शब्दकोशाने त्याची नोंद तशीच करायला हवी.