मुलांचा पहिला कॅमेरा : कमी पैशांत कोणता घ्यावा, कसा तपासावा?

गेल्या भीमजयंतीच्या आधीची गोष्ट. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात नववीत शिकणारी एक मुलगी येते. तिला जयंतीचे फोटो स्वतः काढायचे होते. वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. ओव्हरटाइमच्या पैशांतून त्यांनी ऑनलाइन एक कॅमेरा मागवला. खोक्यावर ४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम असं बरंच काही छापलेलं होतं. १४ एप्रिलच्या रात्री ती बिंदू चौकात गेली. १९५० साली, बाबासाहेब हयात असतानाच उभारलेला त्यांचा पुतळा याच चौकात आहे. तिने शंभरेक फोटो काढले. दुसऱ्या दिवशी संगणकावर पाहिलं तर एकही चेहरा ओळखू येईना. परत करायची मुदतही संपली होती. ती मला म्हणाली, "ताई, मला फोटो काढताच येत नाहीत."

चूक तिची नव्हती, कॅमेऱ्याची होती. त्यानंतर वस्तीतल्या तीन-चार कुटुंबांनी मला हाच प्रश्न विचारला, म्हणून ही माहिती एकत्र लिहिली आहे.

कॅमेरा आपल्या हातात का हवा?

७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. तिचं चित्रीकरण नामदेव व्हटकर यांनी स्वतःच्या हिमतीवर पैसा उभा करून केलं. तो लाखोंचा जनसागर आज आपण पडद्यावर पाहतो, तो त्यांच्यामुळे. दुसरं कुणीतरी करील म्हणून ते थांबले असते तर?

कोल्हापूरला तर कॅमेऱ्याचा वारसाच आहे. आनंदराव आणि बाबुराव पेंटर या भावांनी इथे देशी सिने-कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबुरावांनी सहकाऱ्यांना घेऊन काम पूर्ण केलं आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या माणगावात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि तिला राजर्षी शाहू महाराज आले. कॅमेरा तेव्हा मोजक्या लोकांपाशी होता. आज तो मजुराच्या मुलीलाही मिळू शकतो. फक्त निवड डोळसपणे करायला हवी.

आधी ठरवा : फोन की कॅमेरा?

घरात चांगला स्मार्टफोन असेल तर स्वस्त छोट्या कॅमेऱ्यापेक्षा रात्रीचे फोटो बहुतेक वेळा तोच चांगले काढतो. फोन एका क्षणात अनेक फोटो घेऊन सॉफ्टवेअरने एकत्र करतो. जुन्या छोट्या कॅमेऱ्यांत ही सोय नाही. त्यामुळे फक्त चांगले फोटो हवेत म्हणून कॅमेरा घेणार असाल तर थांबा.

मग कॅमेरा कशासाठी? पहिलं कारण, घरात फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. दुसरं, फोन हातात आला की रील्स, गेम आणि चॅटही येतात. दहावीच्या वर्षात हा विचार करावाच लागतो. तिसरं, खरा ऑप्टिकल झूम. साध्या फोनमध्ये तो नसतो, त्यामुळे सभेत मागे बसून वक्त्याचा चेहरा टिपता येत नाही. चौथं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं : स्वतःचा कॅमेरा असलेली मुलगी काय पाहायचं हे स्वतः ठरवते.

२०१० साली जगभर दहा कोटींहून अधिक छोटे डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ साली हा आकडा वीस लाखांच्याही आत आला. म्हणजे नवे स्वस्त मॉडेल मोजकेच उरलेत, पण चांगल्या कंपन्यांचे जुने कॅमेरे घराघरांतल्या कपाटात पडून आहेत. आपला शोध तिथून सुरू करायचा.

मेगापिक्सेलला भुलू नका

६ × ४ इंचाच्या छापील फोटोला साधारण २ मेगापिक्सेल पुरतात. ए-४ आकाराच्या उत्तम छपाईला ९ च्या आसपास लागतात. १२ ते १६ मेगापिक्सेलचा कॅमेरा आपल्या सगळ्या कामांना भरपूर झाला.

अनोळखी नावाच्या स्वस्त कॅमेऱ्यांवर छापलेले ४८ किंवा ६४ मेगापिक्सेल बहुधा खरे नसतात. आतला सेन्सर लहान असतो आणि चित्र सॉफ्टवेअरने ताणून मोठं केलेलं असतं. '१६ पट डिजिटल झूम' म्हणजेही फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणं. त्यात नवा तपशील काहीच येत नाही. खोक्यावर 'ऑप्टिकल झूम' हे शब्द नसतील आणि बटण दाबल्यावर भिंग पुढेमागे सरकत नसेल, तर तो कॅमेरा घेऊ नका.

पाच गोष्टी पाहा

१. सेन्सर : प्रकाश टिपणारा हा भाग. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत १/२.३ इंच नावाने ओळखला जाणारा सेन्सर असतो. क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. 'एक इंच' सेन्सर त्याच्या चौपट मोठा असतो, पण ते कॅमेरे महाग. आपल्या बजेटमध्ये १/२.३ इंच धरून चला.

२. ऑप्टिकल झूम : ५ ते १२ पट पुरे.

३. ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन : हात हलल्याने येणारा धूसरपणा कमी करणारी सोय. विहारातल्या मंद उजेडात हिचा खरा उपयोग होतो. चालत्या माणसाला मात्र ती थांबवत नाही.

४. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन : फोटो थोडा उजळ किंवा गडद करण्याची ही सेटिंग, चिन्ह अधिक-वजा. आपल्याला ती हवीच. पांढरी वस्त्रं नेसलेले उपासक-उपासिका समोर असले की कॅमेऱ्याला दृश्य फार उजळ वाटतं आणि तो फोटो गडद करतो. पांढरं राखाडी होतं आणि सावळे चेहरे काळवंडतात. आपली माणसं जशी आहेत तशी दिसावीत यासाठी ही सेटिंग +०.३ ते +१ वर न्यायची.

५. बॅटरी आणि कार्ड : दोन्ही आज बाजारात मिळतात का, हे कॅमेरा घेण्याआधी पाहा.

कोणते मॉडेल शोधावेत?

कॅनन इक्सस २८५ एचएस : २० मेगापिक्सेल, १२ पट ऑप्टिकल झूम. सुस्थितीतला मिळाला तर उत्तम, पण सध्या तरुणांत जुन्या कॅमेऱ्यांची फॅशन आल्याने याची किंमत चढी असू शकते.

सोनी सायबरशॉट डब्ल्यू ८३० : २० मेगापिक्सेल, ८ पट झूम. त्याचाच साधा भाऊ डब्ल्यू ८००, ५ पट झूमचा. दोन्ही शिकायला सोपे, पण व्हिडिओ साधारण.

निकॉन कूलपिक्स ए १० : १६ मेगापिक्सेल, ५ पट झूम. दोन एए सेलवर चालतो. चार्जर नसला तरी गावाकडे अडत नाही. मात्र साधे सेल लवकर संपतात. रिचार्ज होणारे एनआयएमएच सेल घ्या.

नव्यात कोडॅक पिक्सप्रो एफझेड ४५ (४ पट झूम, एए सेल) आणि एफझेड ५५ (५ पट झूम) हे साधे मॉडेल आहेत. ते घेताना बिल मिळेल का आणि वॉरंटीचं काम कुठे होईल, हे आधी विचारा.

सन २००६ च्या आसपासचे किंवा त्याआधीचे कॅमेरे घेताना कार्डाची खात्री करा. त्यांतले अनेक फक्त २ जीबीपर्यंतचं एसडी कार्ड वाचतात. ४ ते ३२ जीबीची एसडीएचसी कार्डं त्यांत चालत नाहीत. जुन्या ऑलिम्पस आणि फुजीफिल्मचं एक्सडी कार्ड आता सहज मिळत नाही. फुकट मिळालेला कॅमेराही अशाने महाग पडतो.

जुना कॅमेरा घेताना दहा मिनिटं द्या

ऑनलाइन फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवू नका. आपलं कार्ड आणि चार्ज केलेले सेल घेऊन समोरासमोर भेटा, सोबत मोठं माणूस असू द्या.

कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा. भिंग अडखळलं किंवा करकरलं तर सोडून द्या. ही दुरुस्ती परवडत नाही. झूम पूर्ण पुढे-मागे न्या. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. भिंगात टॉर्च मारून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसात ती हमखास धरते. बॅटरी सपाट टेबलावर ठेवा. फुगलेली असेल तर ती वापरू नका. फ्लॅश उडतो का, सगळी बटणं चालतात का पाहा. शेवटी काढलेले फोटो संगणकावर किंवा फोनवर मोठे करून बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळंच छान दिसतं.

पैशांचा हिशेब

कॅमेऱ्यासाठी कर्ज किंवा हप्ता नको. समजा एकूण सहा हजार बाजूला काढले आहेत, तर साडेचार हजारांच्या वर कॅमेरा बघू नका. उरलेल्यात १६ किंवा ३२ जीबीचं ओळखीच्या कंपनीचं कार्ड, जादा बॅटरी, कार्ड रीडर आणि जाड कापडाची पिशवी बसवायची. १६ जीबीत १६ मेगापिक्सेलचे दोन-तीन हजार फोटो मावतात.

एवढेही जमत नसतील तर विहार समितीने किंवा मंडळाने दोन कॅमेरे घेऊन वहीत नोंद करून आठवड्यासाठी मुलांना द्यावेत. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात असे किती कॅमेरे येतील, याचा हिशेब ज्याने-त्याने करावा. आणि मुलींची नावं त्या वहीत आधी लिहावीत.

पहिल्या महिन्यात काय शिकवाल?

सर्वांत आधी कॅमेऱ्यात खरी तारीख आणि वेळ लावा. प्रत्येक फोटोत ती आपोआप नोंदली जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या किती घरांत पाणी शिरलं ते आठवा. घराची, भांड्यांची, वह्या-पुस्तकांची अवस्था तारखेसह टिपलेली असेल तर पंचनाम्याच्या वेळी बोलायला आधार मिळतो.

फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे पोहोचत नाही. लांबच्या मंचासाठी तो बंद ठेवून कोपर खांबाला टेकवा. वंदना आणि ध्यान चालू असताना तर फ्लॅश नकोच. बुद्धमूर्तीमागे दिव्यांची रोषणाई असेल तर समोरचा माणूस काळा पडतो. बाजूला सरकून फोटो घ्या.

पहिला गृहपाठ म्हणून आजीच्या ट्रंकेतले जुने फोटो उतरवायला सांगा. खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी फोटो सपाट ठेवायचा, फ्लॅश बंद, कॅमेरा बरोबर वरून समांतर. मग आजीला विचारून वहीत लिहायचं : हे कोण, कुठलं गाव, कोणतं साल. ही नावं सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

काय काढू नये, हेही शिकवा

समोरच्याला विचारून फोटो काढा. नाही म्हटलं तर कॅमेरा खाली घ्या. दुःखात, आजारात, उघड्यावर असलेल्या माणसाचा फोटो त्याची अब्रू घेऊ शकतो. अत्याचाराच्या घटनेत तर विशेष जपा. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालकांबाबत पोक्सो कायद्याचं कलम २३ हेच सांगतं. चेहराच नव्हे, तर घर, शाळा, नातेवाईक यांवरूनही ओळख पटते.

फोटो पुरावा म्हणून लागण्याची शक्यता असेल तर मूळ फाइलला हात लावू नका. कार्ड जपून ठेवा आणि वकिलांचा सल्ला घ्या. अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की फाइल दाबली जाते. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आणि प्रत्येक महिन्याला फोटो दोन ठिकाणी साठवा : एक संगणकावर, एक पेनड्राइव्हवर दुसऱ्या घरी. पावसाळ्यात कॅमेरा बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

त्या मुलीला पुढे एका शिक्षिकेच्या कपाटातला जुना छोटा कॅमेरा मिळाला. फक्त १२ मेगापिक्सेलचा, एका कोपऱ्यात चेपलेला. बुद्ध पौर्णिमेला तिने विहारात एकच फोटो नीट काढला : पांढऱ्या लुगड्यातली तिची आजी, हात जोडलेली. लुगडं पांढरंच दिसत होतं आणि चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती मोजता येत होती. आजीचा एकटीचा असा तो पहिलाच फोटो. तो आता त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली लावला आहे.

जय भीम!