जबड्यातली पोकळी आणि उसनं हाड

मंडळी, राजुरेश्वराच्या गावी दातांविषयी बोलायचं, तर एकदंताला वगळून कसं चालेल? त्याचा दात तुटला तो तुटलाच, आणि तेच त्याचं नाव झालं. आपल्याला मात्र तुटकं राहणं सोसत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वरच्या पुढच्या दाताच्या मुळाशी पू झाला. रूट कॅनाल करूनही हटेना. मग हिरडी उघडून मुळाचं टोक, साधारण ३ मिलिमीटर, कापलं, खराब भाग खरवडून काढला आणि हाडात उरलेल्या पोकळीत पांढरी भुकटी भरली. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी विचारलं, "काय भरलं हो?" 'मी म्हणजे कोण' हा प्रश्न आम्ही वर्गात जन्मभर शिकवला; पण आपल्याच जबड्यात काय आहे, ते आम्हाला सांगता येईना. संमतीपत्रावर सही मात्र केली होती.

हा प्रश्न जुना आहे. हॉलंडचे शल्यचिकित्सक योब फान मेकेरेन यांच्या १६६८ साली छापलेल्या ग्रंथात एका रशियन सरदाराची हकिगत आहे. त्याच्या कवटीचं भोक कुत्र्याच्या हाडानं बुजवलं होतं. जखम बरी झाली, पण चर्चला ते खपेना. हाड काढून घ्यायला तो परत आला, तेव्हा ते जुळून गेलेलं होतं, असं सांगतात.

पुढे १८९२ मध्ये जर्मनीत ड्रीसमान यांनी हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याचे प्रसिद्ध केले. १९२० मध्ये अमेरिकेत आल्बी यांनी कॅल्शियम फॉस्फेट वापरून पाहिले. ही सगळी गवंड्याची दृष्टी: भोक दिसलं की भर. ती बदलली १९६५ मध्ये. मार्शल युरिस्ट यांनी आम्लाने खनिज काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, आणि तिथं, स्नायूत, नवं हाड तयार झालं! म्हणजे ती नुसती भर नव्हती; त्या हाडातली प्रथिनं शरीराला कामाला लावत होती.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये टिश्यू बँक सुरू झाली. दात्यांचं हाड तिथं तपासतात, धुतात, गोठवून सुकवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. खनिज काढलेल्या हाडाची तिथली भुकटी आपले दंतवैद्य हिरड्या-जबड्याच्या शस्त्रक्रियेत वापरत आले आहेत. बाजारात गाय-बैलाच्या हाडापासून केलेले कण मिळतात, कारखान्यात तयार केलेलं हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटही मिळतं. रुग्णाच्याच रक्तातून फायब्रिनचा जाळीदार थर काढायची पद्धत २००१ मध्ये फ्रान्सच्या शुक्रून यांनी मांडली.

आणि गंमत अशी, की पोकळी लहान असेल तर बहुधा काहीच भरावं लागत नाही. रक्ताची गुठळी तिथं थांबते आणि काही महिन्यांत तिच्या जागी हाड येतं. पोकळी मोठी असेल, किंवा आतबाहेर दोन्हीकडची भिंत गेली असेल, तर मऊ ऊती आधी आत शिरते आणि हाडाऐवजी वण धरतो. तिथं भर आणि वर पातळ पडदा लागतो. भर मुख्यतः जागा धरून ठेवते; नवं हाड ज्याचं त्याच्याच शरीराला घालावं लागतं.

म्हणून तीन प्रश्न विचारायला लाजू नका: भर खरंच हवी का? ती कशाची आहे? दुसरा पर्याय कोणता? ज्याच्या घरात मांस शिजत नाही त्याला बैलाचं हाड चालेल की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण ठरवायला आधी कळलं तर पाहिजे.

पुढच्या खेपेला आम्ही डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "सर, माणसाचं आहे, बँकेतलं." कुणा अनोळखी माणसाचं ते दान. त्याचं नाव-गाव आम्हाला कधी कळायचं नाही. सौभाग्यवतींना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "मग जरा गोड बोलत जा."