नेमो आपला निघाला!

मंडळी, गाजलेल्या पुस्तकाचा पुढचा भाग बहुधा पाणचट निघतो. ज्यूल व्हर्नचं 'मिस्टीरियस आयलंड' मात्र मी अजूनही चवीने वाचतो. मुलांच्या एका फ्रेंच मासिकात ते १८७४-७५ मध्ये क्रमशः आलं. रिचमंडच्या वेढ्यातून पाच जण आणि एक कुत्रा बलूनमधून पळतात, ओसाड बेटावर पडतात आणि विटा भाजण्यापासून तारायंत्रापर्यंत सगळं स्वतः करतात. कुणीतरी अदृश्य त्यांना मदत करत असतो. तोच कॅप्टन नेमो! आणि नेमो कोण, तर बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला.

पहिल्या भागाच्या वेळी व्हर्नच्या मनात रशियाशी झुंजलेला पोलिश सरदार होता. प्रकाशक हेत्झेल यांनी हरकत घेतली, म्हणून नेमोचा देश गुलदस्त्यातच राहिला. बुंदेल्याला टिपूचा नातलग करणं काही पटत नाही, सनावळीही जुळत नाहीत. पण व्हर्नला सगळं माफ.

किंग्स्टन यांच्या नावावरच्या इंग्रजी भाषांतरात नेमोचे इंग्रजांविरुद्धचे बोल चक्क बदलले आहेत. तेच पुढे वर्षानुवर्षं छापलं गेलं. नातवंडांसाठी घ्याल तर भाषांतर कुणाचं ते आधी बघा.